विश्वासात टिकून राहणं: थकलेल्या, कोरड्या आणि लांबलेल्या दिवसांत नेमकं काय करायचं

विश्वासापासून दूर गेलेली माणसं सहसा एका दिवसात जात नाहीत. आधी सकाळची प्रार्थना ‘आज राहू दे’ म्हणून राहते. मग एखाद्या रविवारची उपासना चुकते, मग पवित्र शास्त्र हातात घेणं लांबतं, आणि वर्षभराने कुणी विचारलं तर हे कधी सुरू झालं तेही सांगता येत नाही. येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क ४) हे दोन तऱ्हांनी सांगितलं आहे. खडकाळ जागेवरचं रोप संकट आलं, छळ झाला की लगेच करपतं. काटेरी झुडपांतलं मात्र हळूहळू गुदमरतं. संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ त्याची वाढ खुंटवतात. आपल्यापैकी बहुतेकांना धोका आहे तो या दुसऱ्या प्रकारचा. छळाच्या दिवशी माणूस निदान जागा असतो. साध्या, कामाच्या, कंटाळवाण्या दिवशी तो बेसावध असतो.

म्हणून हा लेख मोठ्या पराक्रमांविषयी नाही. टिकून राहणं मनाच्या उसळीवर होत नाही आणि नुसतं दात-ओठ खाऊनही होत नाही. देवाने आपल्याला धरलेलं आहे या भरवशावर, रोज करता येतील अशी थोडी कामं मन लागो वा न लागो करत राहणं, असा त्याचा खरा आकार आहे. ती कामं कोणती आणि कोणत्या क्रमाने करायची, ते खाली दिलं आहे. अगदी थकून गेला असाल तर आज फक्त पहिली दोन पावलं वाचा. बाकीचं आठवड्याभराने वाचलं तरी चालेल.

पाऊल १: थकवा कसला आहे ते आधी ओळखा

‘माझा विश्वास कमी झाला’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण त्या एका वाक्याखाली पाच निरनिराळी दुखणी असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (१ राजे १९) या बाबतीत सावकाश वाचण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला त्याने पाहिला होता. त्यानंतर ‘तुला मारीन’ असा ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि तो जीव घेऊन पळाला. बैर-शेब्यात त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवलं, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, आता माझा प्राण घे. मग तो झोपला.

देवाने यावर काय केलं, त्याचा क्रम बघा. पहिल्यांदा उपदेश नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा होता. खाऊन पिऊन तो पुन्हा झोपला, तर त्याला झोपू दिलं. दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, तुझी वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस चालत होरेबापर्यंत गेला. तिथे पोहोचल्यावर मग प्रश्न आला: एलीया, तू इथे काय करतोस? त्याचं म्हणणं देवाने दोनदा ऐकून घेतलं. ‘मी एकटाच उरलो’ हे वाक्य दोन्ही वेळा शब्दशः तेच आहे. वारा, भूकंप, अग्नी यांनंतरचा तो शांत, मंद आवाज आपल्याला माहीत असतो. पण त्यानंतर देवाने त्याला तीन ठोस कामं दिली, हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक करण्याची, आणि सांगितलं की इस्राएलात बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण आहेत. अन्न, झोप, ऐकणं, काम, सोबती, असा तो क्रम आहे. आपण बहुधा उलटं करतो. थकलेल्या माणसाला आधी वचन ऐकवतो आणि झोपेची चौकशी कधीच करत नाही.

तेव्हा कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा.

शरीर थकलं आहे का? गेल्या आठवड्यात झोप किती झाली, जेवण वेळेवर झालं का, आजारपण किंवा आजाऱ्याची सेवा चालू आहे का? रात्र रात्र जागून कुणाची शुश्रूषा करणारी व्यक्ती प्रार्थनेला बसल्यावर पेंगते, तेव्हा तिचा विश्वास आटलेला नसतो. तिला झोप हवी असते. तिच्यासाठी पहिली आज्ञापालनाची गोष्ट म्हणजे कुणाला तरी दोन तास बसायला सांगून आडवं होणं.

काही लपवलं आहे का? स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजली. लपवलेलं पाप प्रार्थनेला कोरडी करतं आणि आपण दोष मात्र प्रार्थनेला देतो. असं असेल तर थेट पाऊल ५ वर जा.

दुःख आहे का? मृत्यू, मोडलेलं नातं, गेलेली नोकरी. दुःखाला घाई लावता येत नाही. त्याची वाट पाऊल ३ मध्ये आहे.

माणसांचा राग आहे का? मंडळीत कुणी दुखावलं आणि तो राग नकळत देवाकडे वळला, असं फार वेळा होतं. कोण, कधी, काय बोललं ते स्पष्ट लिहा. देवाने केलेलं आणि माणसाने केलेलं वेगळं झालं की अर्धी वाट मोकळी होते.

यांतलं काहीच नसेल तर पाचवं दुखणं उरतं, ते म्हणजे निव्वळ कंटाळा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस याने त्याचं वर्णन इतकं बारकाईने केलं आहे की ते आजही जसंच्या तसं लागू पडतं. सकाळी दहाच्या सुमारास हा हल्ला सुरू होतो आणि दुपारी दोनपर्यंत टिकतो, असं तो सांगतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस ५० तासांचा झाल्यासारखा होतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ झाली का याचा अंदाज घेतो. मग जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो. बांधवांमध्ये प्रेम उरलं नाही असं वाटू लागतं, अलीकडे कुणी दुखावलं असेल तर ते नेमकं आठवतं. शेवटी विचार येतो: देवाला कुठेही प्रसन्न करता येतं, मग इथेच कशाला राहायचं? त्या काळचे संन्यासी स्तोत्र ९१ मधल्या भर दुपारी नाश करणाऱ्या पीडेशी या अवस्थेचा संबंध जोडत. इव्हाग्रियसचा उपाय अगदी साधा होता: त्या वेळी खोली सोडायची नाही. बसायचं, हातातलं काम पुढे न्यायचं. कंटाळ्याच्या तासात मोठा निर्णय घ्यायचा नाही. मंडळी बदलण्याचा, सेवा सोडण्याचा विचार आलाच तर तो लिहून ठेवा आणि महिन्याभराने, पोट भरलेलं व झोप झालेली असताना, एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यासोबत त्यावर बोला.

पाऊल २: वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल एवढाच नेम धरा

दानीएलाची गोष्ट आपण सिंहांच्या गुहेसाठी सांगतो. मला तिच्यातलं त्याआधीचं एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं. राजाखेरीज कुणाकडेही विनंती करायची नाही, अशा हुकूमनाम्यावर सही झाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून त्याने प्रार्थना केली, ‘पूर्वी करत असे त्याप्रमाणे’ (दानीएल ६:१०). त्या दिवशी त्याने नवं काहीच केलं नाही. संकट आलं तेव्हा सवय आधीपासून तिथे होती.

स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याचंही तसंच. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोमी अधिकाऱ्याने त्याला ख्रिस्ताला शिव्याशाप दे म्हणून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की ८६ वर्षं मी त्याची सेवा केली आणि त्याने माझं कधी वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची, माझ्या तारणाऱ्याची निंदा कशी करू? ज्या मंडळीला प्रकटीकरण २:१० मध्ये मरेपर्यंत विश्वासू राहायला सांगितलं, तिचाच हा पाळक. त्या उत्तरातलं बळ ८६ वर्षांच्या रोजच्या दिवसांतून आलेलं होतं.

नेम ठरवताना लोक एकच गल्लत करतात: उत्साहाच्या दिवशी ठरवतात. पहाटे चारला उठून दोन तास, असा नेम तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मोडल्याचा अपराधीपणा सगळंच बंद पाडतो. तुम्ही तुमचा सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा. ताप आहे, मुलं रडताहेत, कामावर बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी जे जमेल तेवढाच नेम. दहा मिनिटं पुरतात.

त्या दहा मिनिटांत एक स्तोत्र मोठ्याने वाचा. आवाज महत्त्वाचा आहे, कारण डोळे ओळींवरून घसरतात, जीभ तशी घसरत नाही. मग शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग वाचा. मार्कापासून सुरुवात केलेली बरी. १६ अध्यायांचं सर्वांत लहान शुभवर्तमान आहे. मग प्रभूची प्रार्थना, प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबून. शेवटी एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी एक विनंती. रोज एक स्तोत्र घेतलं तर १५० स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. ११९ वं १७६ वचनांचं आहे, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत विभागलेलं आहे, तेव्हा ते तसंच रोज एक भाग करून घ्या.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा आधीपासूनच्या एखाद्या कामाला बांधा: उठून तोंड धुतलं की लगेच, किंवा जेवणानंतर आवराआवर झाली की. जागा एकच ठेवा. पुस्तक तिथेच राहू द्या. फोनवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा, नाहीतर दुसऱ्या वचनाला निरोप येतो आणि स्तोत्र तिथेच राहतं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. फक्त त्या दिवसाचं करा. दोन दिवस सलग चुकले तर मात्र पाऊल ४ मधल्या माणसाला त्याच दिवशी सांगा.

आणि ज्या दिवशी मन भरून येईल, वेळ असेल, त्या दिवशी तासभर बसा. नेम ही खालची मर्यादा आहे, वर हद्द नाही.

पाऊल ३: तक्रार देवाकडेच न्या

तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं अनेकांना शिकवलेलं असतं. मग ते देवासमोर गोड बोलतात आणि मनात कुढतात. हे कुढणं माणसाला आतून पोखरतं. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, हे उगाच नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळ नाही. तरीही त्याची सुरुवात ‘माझ्या तारणाच्या देवा’ अशी आहे, आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं आहे. तशा रात्री असणाऱ्यांनाही बोलायला शब्द मिळावेत, म्हणून मी त्याबद्दल देवाचे आभार मानतो.

विलाप कसा करायचा ते शिकायला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत, दोन-दोनचे तीन भाग पडतात.

पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ असा प्रश्न करतो. तू मला विसरणार, तू मुख लपवणार, मी मनात दुःख वागवणार, वैरी माझ्यावर चढ करणार, हे सगळं कोठवर? नीट पाहिलं तर त्यात देवाविषयी, स्वतःविषयी आणि इतरांविषयी, अशा तिन्ही तक्रारी आल्या आहेत. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे प्रकाशित कर. त्याला कारणही जोडलेलं आहे, नाहीतर मी मरणनिद्रेत जाईन, वैरी म्हणेल मी याला जिंकलं. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो, मी तर तुझ्या वात्सल्यावर भरवसा ठेवला आहे. परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कुठेही नाही.

आता हेच तुमच्या शब्दांत लिहा. वर ‘प्रभू’ किंवा ‘बापा’ किंवा तुम्ही प्रार्थनेत म्हणता ते संबोधन. खाली चार ‘कोठवर’, खरेखुरे, नाव घेऊन: ‘आईचं हे दुखणं कोठवर? तू गप्प कोठवर?’ मग एकच मागणी, कारणासह. मग भरवशाची एक ओळ. ती ओळ मनातून येत नसेल तर दावीदाचीच उसनी घ्या. पवित्र शास्त्राचे शब्द उसने घेण्यात लबाडी नाही. वधस्तंभावर येशूने स्वतः २२ व्या स्तोत्राचे शब्द घेतले होते.

हे आठवड्यातून एकदा करा, रोज नको. रोज जखम उघडली तर ती भरत नाही.

पाऊल ४: एक माणूस गाठा

इब्री ३:१३ म्हणतं की ‘आज’ म्हटलं जातं तोवर दररोज एकमेकांना बोध करा, म्हणजे पापाच्या फसवणुकीने कुणी कठीण होणार नाही. दररोज, असं लिहिलं आहे. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन सोडू नका, पण तेवढ्याने हे वचन पूर्ण होत नाही.

शेकडो लोकांच्या मंडळीतही माणूस एकटा पडू शकतो. म्हणून एक व्यक्ती निवडा. शक्यतो तुमच्यापेक्षा काही वर्षं पुढे गेलेली, स्त्रीने स्त्री आणि पुरुषाने पुरुष, आणि मुख्य म्हणजे जिच्याकडून गोष्ट बाहेर जात नाही अशी. तिला स्पष्ट विचारा: ‘मी विश्वासात ढिला पडलो आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास माझ्याशी बोलाल का?’ एवढं पुरे, मोठी प्रस्तावना नको. भेटल्यावर तीन गोष्टी बोला: नेम चालला का, कुठे मोह झाला, कशासाठी प्रार्थना हवी. शेवटी दोघांनी मोठ्याने प्रार्थना करायची, मोडकीतोडकी असली तरी. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते धरले (निर्गम १७:१२), आणि त्यात मोशेला कमीपणा आला नाही.

दोन माणसांची तुलना इथे करावीशी वाटते. योहान मार्क पौल आणि बर्णबा यांच्यासोबतच्या पहिल्या प्रवासात पिर्गा इथून यरुशलेमेला परतला (प्रेषितांची कृत्ये १३). पुढच्या वेळी त्याला न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचा इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले, आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्र बेटाला गेला. देमास मात्र सोबतच होता. कलस्सैकरांस आणि फिलेमोनास लिहिलेल्या पत्रांत त्याचं नाव सहकाऱ्यांमध्ये येतं. पुढे २ तीमथ्य ४ मध्ये दोघांची नावं लागोपाठच्या वचनांत आली आहेत. देमास या युगाच्या सुखाची आवड धरून पौलाला सोडून गेला आहे, आणि ‘मार्काला सोबत घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.’ अर्ध्यातून परतलेला टिकला आणि सोबत चाललेला निसटला. मार्काला एक बर्णबा होता. देमासाला कुणी होतं की नाही ते लिहिलेलं नाही, पण तो अचानक गेला असेल असं मला वाटत नाही.

पाऊल ५: पडलात तर त्याच दिवशी परत या

पाप झाल्यावर माणूस थोडे दिवस देवापासून लांब राहतो. ‘आत्ता लगेच कसं तोंड दाखवू’ असं त्याला वाटतं आणि तो त्याला नम्रता समजतो. पण त्या थोड्या दिवसांतच दुसरं पाप घडतं.

‘मी येशूला ओळखत नाही’ असं म्हणून पेत्राने त्याला नाकारलं, पण त्याआधीच येशूने त्याला सांगून ठेवलं होतं: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पडण्याआधी परत येणं आणि परत आल्यावरची सेवा, दोन्ही बोलून झाली होती. पुढे योहान २१ मध्ये सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव आहे, जसा नाकारण्याच्या रात्री अंगणात होता. आधी न्याहारी, मग तीनदा प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला काम: माझी मेंढरं चार, पाळ.

तेव्हा, त्याच दिवशी: पापाला त्याच्या नावाने हाक मारून देवासमोर कबूल करा. ‘माझं काही चुकलं असेल तर’ अशी भाषा नको. १ योहान १:९ मोठ्याने वाचा आणि क्षमा मिळाली म्हणून आभार माना, वाटो वा न वाटो. कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्या, खोटं बोलला असाल तर खरं सांगा. तेच पाप वारंवार होत असेल तर पाऊल ४ मधल्या व्यक्तीला किंवा पाळकांना सांगा आणि त्या पापाकडे नेणारी वाट प्रत्यक्ष बंद करा, मग तो फोन असो, ठिकाण असो की संगत. आणि त्या दिवसाचा दहा मिनिटांचा नेम चुकवू नका.

पाऊल ६: उत्तर लांबलं तर

देवाच्या वचनावर विसंबून अब्राम निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांतली सर्वांत दुखरी गोष्ट म्हणजे हागारेचं प्रकरण: मूल व्हावं म्हणून सारायने आपली दासी हागार अब्रामाला दिली. देवाला मदत करायला गेलेल्या अब्राम-सारायमुळे एका दासीला आणि तिच्या लेकराला किती सोसावं लागलं! वाट पाहण्याच्या काळात खरा धोका असतो तो आपण स्वतःच उत्तर तयार करण्याचा.

मिशनरी अ‍ॅडोनायराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले आणि पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला. मधल्या सहा वर्षांत ते भाषा शिकत होते, भाषांतर करत होते. फळ दिसत नव्हतं, पण पुढचं काम समोर होतं. पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. एका बिशपने तिला सल्ला दिला की त्याच्याशी वाद नको, फक्त प्रभूजवळ प्रार्थना कर. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, आणि मोनिका त्याच वर्षी वारली. घरातल्या कुणासाठी प्रार्थना करणाऱ्यांनी त्या बिशपचा सल्ला मनावर घ्यावा. रोज देवाशी त्या माणसाविषयी बोला, त्या माणसाशी देवाविषयी क्वचित आणि विचारल्यावर बोला.

एक वही ठेवा. डाव्या पानावर विनंती आणि तारीख, उजवं पान रिकामं. तीन महिन्यांनी उघडा. काही उजव्या पानांवर उत्तर येईल. काही विनंत्या आपोआप बदललेल्या दिसतील. काही पानं रिकामीच राहतील. शरीरातला काटा, म्हणजे सतत बोचणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, आणि उत्तर आलं ते काटा निघाल्याचं नव्हतं, ‘माझी कृपा तुला पुरे’ असं होतं (२ करिंथ १२). तेही उजव्या पानावर लिहायचं उत्तरच आहे.

काय सोसायचं नाही

हा भाग न सांगता पुढे जाणं अन्यायाचं होईल. ‘सहन कर, प्रभूनेही सोसलं’ हे वाक्य मारहाण होणाऱ्या बायकोला, वापरून घेतल्या गेलेल्या लेकराला, अधिकाराच्या जोरावर दाबल्या गेलेल्या विश्वासणाऱ्याला ऐकवलं जातं. ते पवित्र शास्त्राचं शिक्षण नाही. छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असं येशूनेच सांगितलं (मत्तय १०:२३). पौल दिमिष्कातून रात्री पाटीत बसून तटावरून उतरला, फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व सांगितलं, आणि शेवटी कैसराकडे दाद मागितली. यातलं काहीही त्याच्या धीराच्या आड आलं नाही. घरात किंवा मंडळीत हिंसा होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, कायद्याची मदत घ्या, मग क्षमेचं बोलू.

तसंच, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात रस नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका. पौलासोबत लूक नावाचा वैद्य होता, आणि पोटाच्या दुखण्यासाठी तीमथ्याला त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. औषध घेणं म्हणजे प्रार्थना सोडणं असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

पाऊल ७: धरणारा कोण, ते रोज आठवा

‘मी शेवटपर्यंत टिकेन का?’ ही भीती प्रामाणिक माणसालाच वाटते. तारण गमावता येतं का यावर मंडळ्यांमध्ये जुना वाद आहे. १६१८-१९ च्या डॉर्टच्या चर्चसभेने ‘गमावता येत नाही’ ही बाजू मांडली, पुढे उपदेशक जॉन वेस्ली यांनी दुसरी. तो वाद इथे मिटणार नाही. पण यहूदाचं छोटं पत्र उघडा. २१ व्या वचनात आज्ञा आहे, देवाच्या प्रीतीत स्वतःला राखा. २४ व्या वचनात लिहिलं आहे की तोच तुम्हाला पतनापासून राखायला समर्थ आहे. दोन्ही एकाच पानावर. सकाळी नेमाला बसताना २१ वं वाचा, रात्री दिवा मालवताना २४ वं.

पाऊल ८: निसटू लागलेल्या दुसऱ्या कुणाला धरा

तुम्ही पूर्ण बरे झालात की मग, असं थांबू नका. पेत्राला भावांना स्थिर करण्याचं काम पडण्याआधीच दिलं होतं. मंडळीत दोन-तीन रविवार न दिसलेली एक व्यक्ती आठवा. तिला निरोप पाठवण्यापेक्षा फोन करा, आणि जमलं तर भेटायला जा. ‘येत का नाहीस?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. तब्येत विचारा, कामाचं विचारा, ऐका. ती मंडळीतल्या कुणावर चिडली असेल तर लगेच बाजू घेऊ नका, समजूतही काढू नका. घरात आजारपण असेल तर जेवण घेऊन जा किंवा आजाऱ्याजवळ तासभर बसा म्हणजे तिला झोप मिळेल. निघताना विचारा, ‘एक स्तोत्र वाचू का?’ हो म्हणाली तर १३ वं वाचा, सहाच वचनं आहेत. नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी येऊ, ते ठरवूनच निघा.